हाताखाली किती?

माणसाची किंमत ठरवायला आपल्याकडे तराजू, काटे, फूटपट्ट्या अशी बरीच आयुधं आहेत. पण त्यातलं एक माप मध्यमवर्गाच्या विशेष जिव्हाळ्याचं. ते माप म्हणजे, "हाताखाली किती माणसं?" मामलेदाराच्या हाताखाली इतके तलाठी, हेडक्लार्कच्या हाताखाली इतके कारकून, स्टेशनमास्तरच्या हाताखाली इतके पोर्टर. ज्याच्या हाताखाली कोणीच नाही तो कोणाच्या तरी हाताखाली असणार, हे ओघानंच आलं. मुलाचा पगार तोंडावर विचारणं बरं दिसत नाही म्हणून पूर्वी मुलीचे वडील हा प्रश्न विचारीत. आता पगाराचा आकडा विवाहमंडळाच्या फॉर्मवर छापलेलाच असतो, तरी प्रश्न काही सुटलेला नाही.

माझा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. शुद्ध मराठीत सांगायचं तर मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. गेली एकोणतीस वर्षं हेच करतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांनी परवा जिन्यात मला गाठून तोच प्रश्न टाकला.

"तुमच्या हाताखाली किती?"

"एकशे चार," मी म्हणालो.

"वा! म्हणजे शाखाच म्हणायची की."

"कीबोर्डाची बटणं आहेत हो ती."

मग त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर लोक एमपीएससीच्या सातव्या प्रयत्नाला बसलेल्या मुलासाठी राखून ठेवतात. "होईल, होईल," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते दूध आणायला गेले. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं आता आणखी काय व्हायचं आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे माप जगात चालत आलेलं आहे. माझं भांडण आहे ते आमच्या धंद्यातल्या शहाण्यांशी. ज्या धंद्यात माणूस एकटा बसून, डोक्याला हात लावून, एक स्वल्पविराम कुठे चुकला हे शोधत रात्र काढतो, त्या धंद्यानं हे माप उचललं आणि वर त्याला 'करिअर ग्रोथ' असं गोंडस नाव दिलं, याचा मला राग आहे.

हे खूळ आमच्याकडे आलं कुठून, याचा इतिहास फार गूढ नाही. १९९० नंतर, आणि विशेषतः २००० साल उजाडताच जगातले संगणक वेडे होणार या 'वायटूके'च्या धास्तीत, भारतातल्या कंपन्यांना परदेशातली ढीगभर कामं मिळाली. त्यातली पुष्कळशी कामं डोक्यांच्या भावानं विकली गेली. इतकी डोकी, इतके तास, तासाला इतके डॉलर. काम एका हुशार माणसानं आठ दिवसांत संपवलं तर बिल आठ दिवसांचं. तेच काम दहा जणांनी महिनाभर केलं तर बिल दहा जणांचं आणि महिन्याचं. अशा हिशेबात हुशार माणूस परवडत नाही, हे कोणीही सांगेल. मग वर मूठभर अनुभवी आणि खाली भरपूर नवशिके अशी रचना ठरली. तिला पिरॅमिड म्हणतात. इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या आत माणसाला मेल्यावर ठेवीत. आमच्याकडे जिवंतपणी ठेवतात, एवढाच फरक.

तेव्हा ज्याच्याखाली डोकी जास्त तो मोठा, हे त्या व्यापाराला धरूनच होतं. पण मोठं होण्याचा मार्ग कसा झाला पाहा. पोरगा किंवा पोरगी पहिली दोन-तीन वर्षं प्रोग्रॅम लिहिते. बरे लिहू लागली की तिला टीम लीड करतात, म्हणजे ती लिहिणं निम्मं सोडते. मग प्रोजेक्ट मॅनेजर करतात, तेव्हा उरलेलं निम्मं सुटतं. त्यापुढे डिलिव्हरी मॅनेजर झाल्यावर दुसऱ्यानं लिहिलेलं वाचणंही सुटतं. थोडक्यात, जे काम आपल्याला उत्तम येतं ते जितकं कमी करावं तितकी आपली वाढ झाली.

हाच नियम लग्नाच्या मुदपाकखान्यात लावून पाहा. आचाऱ्याची बासुंदी अप्रतिम झाली म्हणून वधुपित्यानं त्याला बोलावून सांगावं, "महाराज, आम्ही खूश आहोत. उद्यापासून तुम्ही झाऱ्याला हात लावायचा नाही. मांडवाच्या दाराशी बसून पानं मोजायची." मग बासुंदी कोण करणार? तर काल ज्यानं बटाटे सोलले तो. आणि ती खाऊन पंगत उठली की पुन्हा महाराजांनाच बोलावून विचारायचं, "पानं कमी का झाली?"

लॉरेन्स पीटर नावाच्या गृहस्थानं रेमंड हल या लेखकाला हाताशी धरून १९६९ साली यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. माणसाला जे जमतं त्याबद्दल त्याला बढती मिळत जाते आणि जिथे काहीच जमत नाही त्या पायरीवर पोचला की तो तिथेच कायम राहतो, हा त्यातला सिद्धांत. लोक हे पुस्तक विनोदी म्हणून वाचतात. आमच्या धंद्यात ते नियमावली म्हणून वाचलं असावं.

असं नाही की दुसरा मार्ग कोणाला सुचलाच नाही. आयबीएमनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'फेलो' नावाची पदवी काढली. उत्तम तंत्रज्ञाला साहेब न करता मोठं करायची ती सोय. पुढे परदेशात आणि आपल्याकडेही काही कंपन्यांनी प्रिन्सिपल इंजिनिअर वगैरे पदं काढून मॅनेजरच्या शिडीला समांतर अशी दुसरी शिडी टेकवली. केन थॉम्प्सन हे नाव आमच्या धंद्यात देवासारखं घेतात. १९६९ साली युनिक्सचा पाया घालणाऱ्यांपैकी हा एक. २००९ साली गूगलनं 'गो' ही नवी प्रोग्रॅमिंगची भाषा जाहीर केली, तेव्हा ती घडवणाऱ्या तिघांत हे गृहस्थ होतेच. वय वर्षं सहासष्ट. आमच्याकडे असते तर त्यांना पस्तिशीत कोणीतरी बाजूला घेऊन म्हणालं असतं, "केनराव, अजून कोडच लिहिताय?"

आमच्याकडेही ती दुसरी शिडी आहे म्हणतात. कागदावर आहे. पण तिच्या तीन पायऱ्या झाल्या की चौथीच्या जागी मॅनेजरच्या केबिनचं दार लागतं.

या सगळ्याची मला गंमत वाटली असती. पण माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीमुळे ती वाटेनाशी झाली. मुलगी साताऱ्याकडची. कॉलेजातून थेट आमच्याकडे आली तेव्हा तिला लिफ्टची बटणंही बिचकवत. पण प्रोग्रॅममधली चूक हुंगून काढायचं तिचं नाक असं की आम्ही तिघे-चौघे दोन दिवस धुंडाळत असू ती चूक ही चहा थंड व्हायच्या आत समोर आणून ठेवी. मी तिच्याजवळ बसून जुन्या प्रोग्रॅममधल्या खाचाखोचा सांगायचो. कोणी काय लिहिलं, का लिहिलं, कुठली ओळ हलवली की कुठलं छप्पर गळतं. दोन वर्षांत ती मला सांगायला लागली. शिकवणाऱ्याला याहून दुसरी बिदागी नको असते.

चौथ्या वर्षी तिला टीम लीड केलं. हाताखाली नऊ जण. घरी पेढे वाटले. स्थळांच्या चौकशीत 'लीड' हा शब्द चांगला वठतो, असं तिच्या आईचं मत पडलं. त्यानंतर ती दिवसभर एक्सेलच्या तक्त्यात कोण कुठे अडलंय ते भरते आणि तोच तक्ता वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळ्या साहेबांना दाखवते. गेल्या महिन्यात संध्याकाळी सात वाजता पाहतो तर बाई अंधाऱ्या कोपऱ्यात स्क्रीन तिरकी करून बसलेल्या.

"काय गं, काय चाललंय?"

"काही नाही सर," ती दचकून म्हणाली. "एक बग होता. साहेबांना सांगू नका. लीडनं कोड लिहिलेला त्यांना चालत नाही."

कारकुनांनी जिन्याखाली चोरून विड्या ओढलेल्या मी पाहिल्या आहेत. चोरून स्वतःचं काम करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

बरं, साहेब न होता नुसतं शेजारच्याला शिकवत राहावं म्हटलं, तर त्याचीही सोय कंपन्यांनी बंद केली होती. वार्षिक मूल्यमापनात 'बेल कर्व्ह' नावाचा प्रकार बरीच वर्षं चालला आणि कुठेकुठे अजून नाव बदलून चालतो. गटातल्या इतक्याच जणांना उत्तम म्हणायचं, इतक्यांना मध्यम, आणि कोणीतरी वाईट निघालंच पाहिजे. सगळे चांगले असले तरीही. अशा ठिकाणी शेजारच्याला शिकवणं म्हणजे स्वतःच्या पगारवाढीवर पाणी सोडणं. तो शिकून माझ्या पुढे गेला तर खालच्या खान्यात मी. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत २०१३ च्या नोव्हेंबरात मोडीत काढली. ज्यांच्याकडून आम्ही ती मोठ्या भक्तीनं घेतली त्यांनी टाकून दिली, तरी आम्ही तिची पूजा घालतच होतो. सासरच्यांनी सोडलेले कुळाचार माहेरी पाळावेत, तसं.

आणि मग एके दिवशी याच मंडळींच्या ध्यानात आलं की पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, शिकवत नाहीत, दोन वर्षांत सोडून जातात. म्हणजे हिच्यात 'कम्युनिटी' नाही! मग कम्युनिटी बांधायला काढली. पूल बांधतात तशी. तिला बजेट, तिला मॅनेजर (त्याच्या हाताखाली चार जण), तिला दिवस ठरलेला.

अशा एका सोहळ्याला मी गेलो होतो. दाराशी गळ्यात पट्टा अडकवला. आत सेल्फी काढायची चौकट. भाषण करणारे गृहस्थ तळमळीनं बोलले, पण त्यांनी शेवटचा प्रोग्रॅम लिहिला त्या वेळी फ्लॉपी होत्या. दुपारी पिझ्झा. संध्याकाळी काळा टी-शर्ट, आकार एकच, एक्स्ट्रा लार्ज. तो घालून मी घरी आलो तेव्हा छत्री मिटायची राहिल्यासारखा दिसत होतो. दुसऱ्या दिवशी सर्वांना अहवाल आला. अमुक जण आले, तमुक फोटो निघाले, इतकी खोकी पिझ्झा लागला. कोण कोणाकडून काय शिकलं याला रकाना नव्हता. पुन्हा आपली शिरगणतीच! साहेबाची उंची हाताखालच्या डोक्यांवरून आणि कम्युनिटीची उंची मांडवातल्या डोक्यांवरून.

टी-शर्टनं कम्युनिटी होते का, याचा प्रयोग जगानं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. डिजिटलओशन नावाची एक अमेरिकी कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. जगभर अनेक प्रोग्रॅम सर्वांना खुले असतात. त्यात कोणीही सुधारणा करून ती मालकाकडे 'घ्यावी' म्हणून पाठवू शकतो. २०२० साली अशा चार सुधारणा पाठवणाऱ्यांना टी-शर्ट होता. हेतू चांगलाच होता. पण लोकांनी काय करावं? दुसऱ्याच्या प्रोग्रॅमची माहिती लिहिलेल्या पानावर 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द चिकटवायचे आणि सुधारणा म्हणून धाडून द्यायचे! चार ठिकाणी चिकटवले की झालं. जे बिचारे फावल्या वेळात, बिनपगारी ते प्रोग्रॅम सांभाळत होते त्यांच्या दारात असल्या सुधारणांचा खच पडला. ३ ऑक्टोबरलाच कंपनीला नियम बदलावा लागला, की ज्याला हवं असेल त्याच्याच दारात जावं. आणि २०२३ साली टी-शर्टच बंद केले. एका सदऱ्यासाठी माणूस दुसऱ्याच्या वहीत काय वाटेल ते खरडतो, हा त्यातला बोध. या उद्योगात आपली भारतीय मुलं मागे नव्हती, हेही सांगून टाकतो. त्यांचं तरी काय चुकलं? मोजून चार, एवढंच त्यांना कोणीतरी शिकवलं होतं.

खरी कम्युनिटी कशी असते? ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे एका घराच्या गॅरेजमध्ये तीसएक हौशी माणसं जमली. घरी संगणक जोडायचं वेड असलेली. त्यांच्या मंडळाचं नाव 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'. यायचं, आपण काय केलं ते दाखवायचं, अडलं ते विचारायचं. त्यात स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक लाजाळू तरुण यायचा. त्यानं स्वतः जुळवलेल्या संगणकाचे नकाशे तिथे फुकट वाटले. पुढे तो संगणक 'ॲपल वन' म्हणून विकला गेला. कोणी त्याला विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या हाताखाली किती.

पण एवढं लांब जायला नको. आपल्याकडची कुठलीही जुनी तालीम घ्या. तिथला वस्ताद साठी उलटली तरी लंगोट कसून मातीत उतरतो. डाव कसा टाकायचा ते भिंतीवर पडदा लावून दाखवत नाही, पोराची मान धरून दाखवतो. नवं पोर कोपऱ्यात जोर काढतं, जुनं त्याचा पाय नीट करतं, आणि माती सगळेच उकरतात. वस्तादाला बढती देऊन तालमीचं वीजबिल भरायला बसवलं तर चार महिन्यांत आखाड्यात गवत उगवेल.

कोणी म्हणेल, "अहो, पण कोणीतरी सांभाळायला नको का? शंभर माणसांचं काम आपोआप होतं का?" अगदी रास्त. चांगला मॅनेजर मी पाहिलेला आहे. तो वरच्यांचा ताप खाली येऊ देत नाही, नाही म्हणायला घाबरत नाही, आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते त्याला न सांगता कळतं. हा माणूस सोन्याच्या मोलाचा. पण तो वेगळा धंदा आहे, वेगळं कसब आहे. ज्याला त्यात गोडी आहे त्यानं खुशाल जावं. माझा आक्षेप तो बक्षीस म्हणून वाटण्याला आहे. आणि नुसती डोकी वाढवण्याबद्दल म्हणाल, तर आयबीएमच्या एका अवाढव्य प्रकल्पाचा कारभार पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच सांगून ठेवलं आहे, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली की ते आणखी रखडतं. नव्यांना समजावण्यात जुन्यांचा दिवस जातो. आम्ही त्याचा अर्थ असा घेतला की समजावणंच बंद करावं.

आता म्हणे समजावायला माणूस नकोच. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि मागोमाग त्याची भावंडं आली. नवी पोरं त्यांनाच विचारतात. यंत्र कधी "एवढंही येत नाही?" असं म्हणत नाही, हा त्याचा मोठाच गुण, आणि मीही त्याला विचारतो. पण आमच्या प्रोग्रॅममध्ये महिनाअखेरीला एक रक्कम दोनदा तपासणारी एक विचित्र ओळ आहे. यंत्र म्हणतं, ही अनावश्यक आहे, काढून टाका. ती ओळ ज्या भानगडीमुळे घातली ती कुठे लिहिलेली नाही. ती एका माणसाच्या डोक्यात आहे. तो माणूस सध्या मॅनेजर आहे आणि कम्युनिटीवर स्लाइडा बनवतो आहे.

अशा डोक्यांना किती किंमत असते ते २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. 'एक्सझेड' नावाचं फाइली आवळून लहान करणारं एक साधन जगभरच्या असंख्य संगणकांत असतं. ते एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि थकला होता. मदतीला म्हणून कोणीतरी आलं, दोन-अडीच वर्षं गोड बोलून विश्वास कमावला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर वर्षानुवर्षं काम केलेला प्रोग्रॅमर. एका संगणकावर प्रवेश करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि जगावरचं मोठं संकट टळलं. तो अर्धा सेकंद खटकायला आयुष्य त्या मातीत घालवावं लागतं. अशा माणसाला आपण पस्तिशीत पानं मोजायला बसवतो. आणि त्या थकलेल्या माणसाला खरा मदतनीस मिळाला असता तर? त्याच्या साधनावर कोट्यवधींचे धंदे करणाऱ्या कंपन्यांना टी-शर्ट छापायला पैसे होते.

माझं मागणं फार मोठं नाही. दुसरी शिडी टेकवली आहे तर तिच्या सगळ्या पायऱ्या बसवा, आणि पगार दोन्हीकडे सारखा ठेवा. मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'या वर्षी कोणाला काय शिकवलंत?' हा एक रकाना घाला आणि उत्तर शिकणाऱ्याकडून भरून घ्या. नव्या पोराशेजारी जुन्या माणसाला आठवड्यातून दोन-चार तास बसू द्या, आणि ते तास फुकट गेले असं लिहू नका. आणि कम्युनिटी हवीच असेल तर एक खोली, एक ठरलेला वार आणि चहा, एवढं पुरे. वर्षापूर्वी प्रश्न घेऊन आलेली मुलगी यंदा दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देत असेल, तर कम्युनिटी झाली. बारा माणसं असली तरी झाली.

आणि हाताखालच्या माणसांचा प्रश्नही बंद करा असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांची सवय, ती सुटायची नाही. त्यात फक्त एका अक्षराची भर घाला. आपल्याकडे जुन्या मास्तरांना, मिस्त्रींना, गवयांना लोक विचारत आले आहेत ते वेगळंच आहे. त्यांना कोणी 'हाताखाली किती' असं विचारत नाही. विचारतात, "तुमच्या हाताखालून किती गेले?"